गॅस सोडून सगळं

मी वाई-पाचगणी भागात एसीची कामं करतो. घरं, हॉटेलं, एखादी बँक, असं गिऱ्हाईक. व्हॅनिटी व्हॅनचं बोलावणं येतं ते मुंबईचा माणूस वेळेत पोचणार नसला की. मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्याजवळ शूटिंग होतं, मे महिना, आणि प्रॉडक्शनवाल्याचा फोन आला: "दादा, गॅस घेऊनच या. मॅडम दोन वाजता येतायत."

गॅस. एसी बिघडला की आपल्याकडे पहिलं निदान हेच. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, कुठून गळाल्याशिवाय तो कमी होत नाही. त्यातून या व्हॅनच्या टपावर बसवलेले दोन्ही एसी कारखान्यातून सीलबंद येणारे, गॅस भरायला साधा व्हॉल्व्हसुद्धा नसतो. भरायचाच तर पाइपला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवावा लागतो आणि पुढे गळायला ती नवी जागा होते. ड्रायव्हर शिडी लावून तयारच होता.

तक्रार मागच्या, मेकअप रूमच्या एसीची. थोडा वेळ गार करतो, मग पंखा चालू राहतो पण कंप्रेसर बंद. वर जाऊन पाहिलं, कंडेन्सरवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर, धूळ आणि गवताच्या काड्या होत्या. त्या काढल्या. पत्रा इतका तापला होता की गुडघ्याखाली पोतं घ्यावं लागलं. खाली येऊन छतातल्या गार हवेच्या जाळीच्या तोंडाशी थर्मामीटर धरला: हवा ११ अंश, खोली ३१. गॅस कमी असता तर इतकी गार हवा आलीच नसती. तो विषय तिथे संपला. माझ्यापुरता तरी, ड्रायव्हरचा नाही.

मग व्होल्टेज. प्रॉडक्शनवाला म्हणाला, "ते बघितलंय, २३० आहे." बघितलं होतं, पण सगळं बंद ठेवून. लोडशिवाय मोजलेलं व्होल्टेज काहीच सांगत नाही. माझं मीटर लावून बसलो असताना केस सेट करणारी ताई म्हणाली, "दादा, मी ड्रायर लावला ना, की हा एसी रुसतो. मी कधीची सांगतेय, कोण ऐकत नाही."

तिला ड्रायर लावायला सांगितला. दोन्ही एसी चालू, वर ड्रायर. मीटर १९५ वर आलं. तेवढ्यात मागचा कंप्रेसर थांबला, काही वेळाने पुन्हा उठायला गेला, आकडा १५० च्या खाली घसरला, वरून नुसता 'हूंऽऽ' आवाज आणि टक. ओएलपी, म्हणजे कंप्रेसर जास्त तापला की त्याचा करंट तोडणारा स्विच, उडाला. त्यातली पत्री थंड होऊन परत जोडली जाईपर्यंत काही मिनिटं जातात आणि तोवर मॅडमचा मेकअप ओघळतो.

बाहेर येऊन वायर पाहिली. आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून जनरेटरची गाडी लांब लावलेली. मध्ये दीड स्क्वेअर एमएमची बारीक वायर, साधारण ७० मीटर, तीही अर्धी रिळावरच गुंडाळलेली. रिळाला हात लावला तर चटका. या वायरीचा रोध किलोमीटरला १२ ओहमच्या आसपास असतो. जाऊन-येऊन १४० मीटर धरले तर जवळजवळ १.७ ओहम. २० अँपिअर ओढले की चौतीसेक व्होल्ट वायरीतच जातात. कंप्रेसर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट करंट मागतो, तेव्हा तर विचारूच नका.

पण मला एक कोडं उरलं होतं. खोली ३१ अंशांवर असताना तो कंप्रेसर मुळात थांबत का होता? थांबला नसता तर पुन्हा उठायची वेळच आली नसती. छताची जाळी उतरवली आणि उत्तर समोरच. गार हवा बाहेर सोडणारा कप्पा आणि खोलीतली हवा वर ओढणारा कप्पा यांच्यामधल्या पडद्याची टेप उन्हाने सुटलेली. गार हवा खोलीत न येता तिथल्या तिथे परत ओढली जात होती आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर नेमका त्याच वाटेवर. त्याला वाटायचं, खोली गार झाली. कंप्रेसर बंद. परत चालू. आणि दर चालू होण्याला ती बारीक वायर आडवी.

अ‍ॅल्युमिनियमची टेप माझ्या पिशवीत असतेच. कडा पुसून पडदा नीट सील केला. लाइटवाल्यांकडे सहा स्क्वेअर एमएमची जाड केबल पडून होती, ती मागून घेतली आणि सरळ पसरली. ड्रायरसाठी वेगळी लाइन ओढायला लावली. लाइटमनने कुरकुर केली, पण केलं. आता सगळं चालू असताना मीटर २२० च्या वर राहिलं, आणि कंप्रेसर बंद करून परत लावला तर मुकाट्याने उठला.

मॅडम काही दोनला आल्या नाहीत, पावणेचारला आल्या. तोवर खोली २४ वर.

प्रॉडक्शनवाल्याने व्हाउचर आधीच लिहून ठेवलं होतं: 'एसी गॅस चार्जिंग'. मी म्हटलं, खोडा, मी गॅस भरलेला नाही. "अहो, त्याने काय फरक पडतो? ऑफिसला गॅस लिहिलं की लगेच कळतं." म्हटलं, उद्या कोणीतरी याच कागदावरून पुन्हा गॅस भरायला येईल. त्याने नाइलाजाने खोडून 'वायर व टेप' लिहिलं. ऑफिसमधून फोन आलाच, एवढ्या टेपचे एवढे पैसे कसे म्हणून.