पैसा शेतात पिकला तर?

पैसा म्हणजे काय हे मुलांना शिकवायला मला अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या पहिल्या इंग्रज वसाहतकारांइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं दिसत नाही. त्यांचं जेम्सटाउन वसलं 1607 साली. नाण्यांचा कायम तुटवडा. 1612 च्या सुमारास जॉन रॉल्फने तंबाखू लावली आणि काही वर्षांत लोक तिच्यातच देणी फेडू लागले. 1619 मध्ये तिथल्या सभेने उत्तम तंबाखूचा भाव पौंडभर वजनाला 3 शिलिंग, म्हणजे 36 पेन्स, ठरवला. 1630 च्या सुमारास तो एका पेनीच्या आसपास आला होता. असं का झालं, ते सांगत बसू नका. मुलांना खेळू द्या.

गोव्यात तंबाखूच्या जागी काजूच्या सुक्या बिया उत्तम. फक्त फोडू देऊ नका, कवचातल्या तेलाने कातडी भाजते. पाच गट करा, प्रत्येकाला 20 बिया. मीठ, कोयता, घोंगडी, घागर अशा 10 चिठ्ठ्यांची पावणी, म्हणजे लिलाव, करा. चिठ्ठीला एक गुण, उरलेल्या बीला शून्य. हे आधी सांगितलं नाही तर मुलं बिया राखून ठेवतात आणि भाव चढतच नाही.

दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा 20 बिया वाटा आणि प्रत्येक गटाला गुपचूप विचारा: मका की तंबाखू? मक्याला एक चिठ्ठी फुकट, तंबाखूला आणखी 20 बिया. आधीच्या भावाने तेवढ्यात दोन चिठ्ठ्या येतात, म्हणून बहुतेक सगळे तंबाखूच घेतात. पावणीला चिठ्ठ्या मात्र दहाच. भाव दुप्पट होतो आणि वाढीव बिया फुकट जातात. इथे थांबा, मुलांना भांडू द्या.

व्हर्जिनियातली ही तंबाखूची शेती तिथल्या मूळच्या पाउहटन लोकांच्या जमिनीवर उभी राहिली आणि 1619 पासून आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसंही तिच्यात राबवली गेली, हेही याच वेळी सांगायला हवं.

तिसऱ्या फेरीत प्रत्येकाच्या वाट्यात 5 पोकळ बिया मिसळा. मुलं हलकी बी बरोबर ओळखतात आणि आधी तीच खपवतात. व्हर्जिनियातही कर आणि कर्ज फेडायला रद्दी पानच पुढे यायचं. शेवटी 1730 च्या कायद्याने सरकारी गोदामांत तपासणी सुरू झाली. खराब माल जाळायचा, चांगल्याची पावती द्यायची. मग ती पावतीच पैशासारखी फिरू लागली. वर्गात बादलीभर पाणी पुरतं: पोकळ बी तरंगते, भरलेली बुडते. बुडालेल्या मोजून तेवढ्याची पावती द्या आणि चौथी पावणी नुसत्या पावत्यांवर घ्या.