घोडखिंड सराव: पट्टा अडला, भाला पुढे

घोडखिंडीची, म्हणजे पावनखिंडीची, लढाई आम्ही बोथट हत्यारांनी उभी करून बघतोय. दांडपट्ट्याच्या खोबळ्याच्या (मुठीवरचं हात झाकणारं लोखंडी कवच) आत नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) चिकटवल्यापासून मनगट सोलवटणं थांबलंय. भिजला तरी हात फिरत नाही. त्या विषयावर पडदा.

आता खरी कटकट. मैदानात देखणा चालणारा पट्टा ओघळीत पार अडतो. रविवारी भर पावसात ओढ्याच्या अरुंद घळीत दोन रांगा भिडवल्या. पट्टेकऱ्यानं पहिला फेर घेतला आणि बोथट पातं थेट शेजारच्या आपल्याच गड्याच्या ढालीवर! पातं ४ फुटांच्या आसपास, मनगट खोबळ्यात जखडलेलं, वार सगळा कोपर-खांद्यातून निघतो. म्हणजे दोन्ही अंगांना मोकळी जागा हवी. मर्दानी खेळात बघे गोल करून ती देतात. १३ जुलै १६६० ला खिंडीत पाठलागावर आलेली सिद्दी मसूदची माणसं कशाला देतील? वस्ताद एवढंच म्हणाले, "पट्टा चालवायचा तर शेजारी आपलं माणूस नको."

म्हणून पुढच्या रांगेत भाला-ढाल आणि पट्टा फक्त खिंडीच्या तोंडाशी, एकेकटा. भाल्यांना रबरी टोकं लावतोय.

हत्यारांबद्दल एक: शोभेच्या दुकानातून मागवलेल्या पट्ट्याचा खोबळा पहिल्याच टोल्याला सांध्यात उकलला. गावच्या लोहारानं रिव्हेट मारून दिलेला अजून ठणठणीत आहे. पैसे लोहाराला द्या.

वार लागला हे कळावं म्हणून पात्यांना गेरू फासला होता, तो पावसानं धुऊन नेला. तसाही आमच्यात मरायला कोणी तयार नसतो! छातीवर तीन वार खाऊन पठ्ठ्या "हर हर महादेव" करत उभाच. खऱ्या लढाईत एका घावात हात लुळा पडतो, आणि भीतीनं मागची रांग आधी हलते. ती भीती आपल्याला आणता येणार नाही, दमणूक मात्र येईल. शिवरायांसोबतचे बांदलांचे गडी पन्हाळ्यापासून रात्रभर चिखल तुडवून, पालखी वाहून तिथं उभे ठाकले होते. आमचे मिसळ हाणून जीपमधून उतरतात. पुढचा सराव पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरून रात्रभर चालून आल्यावरच. मिसळ नंतर.

हे लिहिता लिहिता सुचलं: घळीच्या दोन्ही काठांवर गोफणवाले का नकोत? दगडाऐवजी चिंध्यांचे गोळे, खालच्यांना हेल्मेट सक्तीचं. मग भाल्यांची रांगही थोडी मागे घ्यावी लागेल, नाहीतर गोळे आपल्याच डोक्यात. कोणाकडे जुन्या अंबाडीच्या गोफणी असतील तर कळवा. नायलॉनच्या नकोत, ओल्या हातातून निसटतात.