तीनतालाचे आवर्तन आणि रीपरमधील लूप

सांगलीतल्या माझ्या खोलीत मिरजेचा तानपुरा ध्वनिमुद्रित केला असला, तरी रियाजासाठी तेच आवर्तन पुनःपुन्हा वाजवताना समेपाशी (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपाशी) दरवेळी किंचित झटका बसत असे. कारण शोधता लक्षात आले की मी लूपची, म्हणजे पुनःपुन्हा वाजणाऱ्या भागाची, सुरुवात आणि शेवट माऊसने अंदाजानेच ओढत होतो.

त्यावर रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तालाचे माप १६/४ केले, म्हणजे तीनतालाचे सोळा मात्रांचे एक आवर्तन बरोबर एका बारमध्ये (पडद्यावरच्या तालाच्या एका घरात) बसते. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत ते १२ सेकंदांचे होते. स्नॅप (निवड नेमकी रेषेवर चिकटवणारी सोय) चालू ठेवून तेवढा भाग निवडला आणि 'आर' कळ दाबली, की पुनरावृत्ती सुरू होते.

मुखडा, अंतरा, ताना यांच्या आरंभी 'एम' कळीने खुणा केल्या. आता १, २, ३ हे आकडे दाबून थेट त्या जागी जाता येते. मात्र आकडा दाबताच उडी लगेच पडते आणि मात्रा तुटते (तबलजी असता तर डोळे वटारले असते!), म्हणून सेटिंगमध्ये स्मूथ सीक चालू करून चालू बार संपल्यावरच पुढे जाण्याची सोय मी करून घेतली.