शर्कराकंदाचा युरिया आणि आपला ऊस

उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाने शर्कराकंदाची, म्हणजे साखरेच्या बीटची, खतांची शिफारस पहिल्यांदा वाचली की छपाईत काही चूक झाली असावी असेच त्याला वाटते. इंग्लंडमधल्या सर्वसाधारण जमिनीत या पिकाला हेक्टरी १२० किलो नत्र पुरेसे मानतात, म्हणजे एकरी युरियाच्या सव्वादोन-अडीच गोण्या; आपल्या आडसाली उसाची शिफारसच हेक्टरी ४०० किलोंची, म्हणजे एकरी पावणेआठ गोण्यांच्या आसपास आहे. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो आणि त्याचे टनेजही मोठे, हे धरले तरी बीटवाल्याचा हात आखडता का, हा प्रश्न उरतोच.

एक तर त्या पिकाचे सोटमूळ दीड मीटर आणि त्याहूनही खाली जाते व तिथे उतरलेले नायट्रेट वर ओढून घेते. म्हणून अमेरिकेत रेड रिव्हरच्या खोऱ्यात चार फुटांपर्यंतची माती तपासतात आणि जमिनीत आधीच असलेले नत्र वजा करूनच खताचा हिशेब मांडतात. शिवाय बियाण्याजवळ जास्त खत पडले तर उगवण मार खाते, त्यामुळे पेरणीच्या वेळी ३०-४० किलो आणि उरलेले रोपे वर आल्यावर देतात.

खरी गोम मात्र पुढे आहे. नत्र जास्त झाले, विशेषतः उशिरा मिळाले, की पीक पाने फोडत राहते; कंद वजनाला भरतो, पण त्यातला साखरेचा टक्का उतरतो. काढणीच्या सुमारास पाला थोडा फिका, पिवळसर दिसणे हे तिथे चांगले लक्षण मानतात. न वापरले गेलेले नत्र ग्लुटामिनसारख्या अमिनो आम्लांच्या रूपाने कंदात साठते. चुन्याने रस स्वच्छ करताना ती पुरती निघत नाहीत आणि सोडियम-पोटॅशियमबरोबर साखरेचे स्फटिक होण्यात आडवी येतात. तेवढी साखर मळीत जाते.

हे सगळे तिथल्या शेतकऱ्याला जाणवते, कारण त्याच्या गाडीतल्या कंदांचा नमुना काढून साखर तपासतात आणि भाव त्यावर ठरतो. आपली एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भावही उताऱ्यावर (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्यावर) ठरतो खरा, पण तो उतारा साऱ्या कारखान्याचा. शेतकऱ्याच्या हाती पडते ती वजनाची पावती. दौंडकडचे माझे मामा मोठ्या बांधणीनंतरही, म्हणजे उसाच्या बुंध्यांना मातीची भर दिल्यावरही, ‘काळोखी (पानांचा गडद हिरवेपणा) कमी वाटते’ म्हणून युरियाची गोणी फोडतात. बांधणीपर्यंत नत्राचे सगळे हप्ते संपलेले असावेत, त्यानंतरच्या युरियाने ऊस लोळतो आणि साखर भरायला उशीर होतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण ४५ किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि टनेज वाढले तर पैसे वाढतात. त्यांचा हिशेब चुकीचा आहे असे मला म्हणता येत नाही.

म्हणूनच नुसत्या प्रबोधनाने युरिया कमी होईल यावर माझा फारसा विश्वास नाही. उसातही साखरेवर भाव देणे अशक्य नाही. ब्राझीलमध्ये ते चालते. आपल्याकडे तोडीचे लहान लहान प्लॉट आणि मोळ्यांनी भरलेल्या ट्रॉल्या पाहता नमुना काढणे जिकिरीचे आहे, पण त्याहून अवघड आहे तो विश्वास. मामांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “अरे, आधी वजनकाटा तरी नीट दाखवू देत, मग साखर मोजायचं बघू.”