आगगाडीचा कोट: मेणाला अखेर हव्या तशा भेगा पडल्या

कोटाच्या डाव्या पुढच्या भागासाठीच्या कापडावर भेगांची बारीक जाळी अखेर उमटली आहे, आणि ती कशामुळे उमटली हे नेमके कळल्यामुळे ही नोंद लिहीत आहे. पद्धत बाटिकची आहे: कापडावर मेणाचे ठसे मारायचे, मेण चुरगळून त्याला भेगा पाडायच्या आणि कापड नीळीत बुडवायचे, म्हणजे भेगांतून रंग आत शिरतो. ठसे मागच्या नोंदीतलेच आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आमच्या ठाण्यात आलेली पहिली प्रवासी गाडी साहेबी कापाच्या कोटावर, वेलबुट्टीच्या रांगांतून धावताना दाखवायची, ही कल्पनाही कायम आहे.

मेण हवे तसे तडकत नसेल तर भेगा कुंचल्याने काढून मोकळे व्हावे, अशी एक सूचना आली होती; ती मला मान्य करता आली नाही. ब्रिटिश-नायजेरियन कलाकार यिंका शोनिबारे ज्या डच वॅक्स कापडाचे व्हिक्टोरियन पोशाख घडवतात, त्या कापडाच्या इतिहासात भेग हाच कळीचा भाग आहे. जावाच्या बाटिकची यंत्रावर नक्कल करताना नेदरलँड्समधल्या हारलेमच्या प्रेविनेर यांच्या कारखान्यात मेणाऐवजी राळ वापरली गेली. ती तडकली आणि रंग आत शिरला. जावामध्ये दोष मानली गेलेली ही शिरांची नक्षी पश्चिम आफ्रिकेने मात्र आपलीशी केली. २०१० साली लंडनच्या ट्रफाल्गर चौकात ठेवलेल्या शोनिबारे यांच्या बाटलीतल्या जहाजाच्या शिडांवर याच धर्तीचे नमुने होते. म्हणून माझ्या कोटावरची भेगही मेण तडकूनच पडलेली हवी.

अडचण अशी होती की मेण चुरगळल्यावर भेगा स्वच्छ दिसत, परंतु रंगातून बाहेर आलेल्या कापडावर शिरांऐवजी निळे डाग उरत. पॅराफिनचे प्रमाण वाढवून पाहिले, कापड फ्रीजमध्ये गार करून चुरगळले, तरी फरक पडेना. दोष मेणात नव्हताच. फळसाखरेवर (नीळ विरघळावी म्हणून घातलेल्या फ्रुक्टोजवर) चालणारे नीळीचे पिंप कोमट ठेवावे लागते, आणि त्या उबेने मेण नरम पडून बारीक भेगा मिटत व ठशांच्या कडा सुटत. त्यातच ठाण्याचा उन्हाळा.

उपाय जुनाच निघाला: हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) आणि चुन्याचे पिंप. एक भाग नीळ, दोन भाग हिराकस, तीन भाग चुना. हे पिंप गारच चालते. तळाशी गाळ भरपूर साचतो, त्यामुळे कापड त्याला टेकू नये म्हणून आत जाळी बसवली. मेणासाठी तीन भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचे मेण आणि ठसा कापडाला धरून राहावा म्हणून थोडी राळ घेतली. थोडा वेळ बुडवून हवेत धरणे, पुन्हा बुडवणे, शेवटी व्हिनेगरच्या पातळ पाण्यातून काढणे, मग उकळत्या पाण्यात मेण उतरवणे, एवढे झाल्यावर इंजिनाच्या चाकांभोवती केसाइतक्या बारीक शिरा दिसल्या आणि मी बराच वेळ ते कापड हातातून सोडले नाही.

हिराकस, राळ आणि हरडा जांभळी नाक्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. ‘हॉबी किट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतात. मेणबत्त्यांचे तुकडे वितळवून वापरणे मात्र टाळावे, कारण त्यांत काय मिसळले आहे ते कळत नाही.

आता एक नवी शक्यता खुणावते आहे. हरड्यात भिजवलेला एक नमुना त्याच पिंपातून करडी झाक घेऊन निघाला, कारण हरड्यातला तुरट अंश लोहाशी मिळून काळवंडतो. बाहेरच्या कापडाला म्हणून हरडा लावणार नाही. केवळ धुराच्या पट्ट्यात तो कुंचल्याने भरून पाहीन, म्हणजे काजळी वेगळ्या रंगाशिवाय उमटेल.

अस्तर पांढरे ठेवण्याचा बेतही मी बदलला आहे. इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने बहुतेक छापील सुती कापडाच्या वापरावर बंदी घातली, आणि पुढे तिथल्याच गिरण्यांचे छापील कापड आपल्या बाजारांत आले. कोट उघडल्यावर आत कोरोमंडलच्या वळणाची तांबडी छीट, म्हणजे पूर्वी इथून तिकडे जाणाऱ्या नक्षीदार सुती कापडासारखी, दिसली, तर हा उलटा प्रवासही कोटात येईल. त्यासाठी हरडा, तुरटी आणि मंजिष्ठ (तांबडा रंग देणारे मूळ) हा क्रम लागेल, म्हणून अस्तराचे काम नीळीच्या पिंपापासून पूर्ण वेगळे ठेवणार आहे. बाह्यांचे कापड त्यानंतरच घेईन.