दहा दिवसांनी घरी

दहा दिवसांचं विपश्यना ध्यान शिबिर संपवून आज सकाळी इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यान केंद्रातून निघाले. फोन परत मिळाला, पण कसारा घाट उतरेपर्यंत सुरू करावासाच वाटला नाही. खिडकीबाहेरचं धुकं बघत बसले.

पहाटे ४ ची घंटा, मग दिवसभर ध्यान. सुरुवातीचे तीन दिवस फक्त श्वासाकडे बघायचं. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहायचं ध्यान, शिकवलं आणि तासभर हलायचं नाही म्हणाले, तेव्हा डावा गुडघा असा पेटला की डोळ्यांत पाणी आलं. हलले नाही. कळ आपोआप विरत गेली. इतकी वर्षं मी प्रत्येक दुखण्यापासून पळतच होते हो.

काल मौन सुटलं. नऊ दिवस शेजारच्या आसनावर बसलेल्या मावशींचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "बाळा, खोकला गेला का गं तुझा?" मला रडूच फुटलं.

१९७६ पासून इथे शिबिरं होतायत, विपश्यनेचे आचार्य गोएंका गुरुजींनी सुरू केलेली. फी नाही. संध्याकाळी ५ चा चहा-कुरमुरेसुद्धा आधीच्या कुणा साधकाच्या दानातले. मीही निघताना पुढच्यांसाठी दान दिलं.

पावसाळ्यात जाणार असाल तर जाड शाल न्या, पहाटे हॉलमध्ये खूप गारठतं.