गोकर्णाचा निळा रंग आणि आपलं खान्देशी पाणी

गोकर्णाच्या फुलांचा चहा निळा व्हायच्या ऐवजी हिरवट, शेवाळी झाला तर फुलांना दोष देऊ नका. आधी पाणी बघा. तापी-गिरणेच्या पट्ट्यात बऱ्याच बोअरचं पाणी जड असतं. ते उकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पातेल्याच्या बुडाला पांढरी खपली बसते आणि पाणी आणखी अल्कधर्मी होतं. गोकर्णातला रंग म्हणजे टर्नाटिन गटातली अँथोसायनिन्स. ती आम्लात जांभळी, साध्या पाण्यात निळी आणि अल्कात हिरवी दिसतात. अल्क फारच वाढला तर पिवळट. फिल्टरचं किंवा स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणी वापरलं, तर तीच फुलं गडद निळी उतरतात. बोअरचंच पाणी असेल तर कपात लिंबाचा एकेक थेंब टाकत, ढवळत जा. एक-दोन थेंबांत हिरवट झाक जाऊन निळा रंग येतो. तिथे थांबा, पुढचे थेंब त्याला जांभळा करतात.

वेल लावतानाही सगळी गोष्ट पाण्यावरच येऊन थांबते. काळ्या जमिनीत गोकर्ण जोमाने वाढतो, पण मुळाशी पाणी साचलं तर पानं पिवळी पडून वेल बसतो. जमिनीत लावायचा तर अर्धा फूट उंच वरंबा करून त्यावर लावा. कुंडीसाठी निव्वळ काळी माती कधीच घेऊ नका. वाळली की ती आकसते, कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटते, आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकाने निघून जातं. वरून माती ओली दिसते, आतला गोळा कोरडा ठणठणीत. दोन भाग पोयटा किंवा तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू हे मिश्रण चांगलं. कुंडी निदान बारा इंची हवी, कारण सोटमूळ खोल जातं.

बी टणक असतं. तसंच टोचलं तर काही उगवतं, काही महिनाभर मातीत पडून राहतं. काचकागदावर प्रत्येक बी एका बाजूने दोन-तीनदा घासा, काळं साल जरा फिकट दिसेपर्यंत, आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी जी फुगलेली दिसतील तीच पेरा. न फुगलेली पुन्हा घासून पुन्हा भिजवा. पेराभर खोल, एका कुंडीत दोन-तीन. जूनमध्ये पाऊस लागला की पेरावं; ऊब असली तर आठवड्या-दीड आठवड्यात कोंब वर येतो. सहा-सात पानांवर शेंडा खुडला तर फांद्या फुटतात. आधाराला पऱ्हाट्या किंवा तुऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्या, उत्तम. वेलाला त्यांचा खडबडीतपणा धरता येतो, गुळगुळीत पाइपवरून तो घसरतो. दीड-दोन महिन्यांत पहिलं फूल येतं.

हा शेंगवर्गीय वेल. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून देतात, त्यामुळे युरिया देऊ नये. दिला तर पानांचा नुसता पसारा होतो, फुलं रुसतात. महिन्याला दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत पुरे. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत आणि जड पाण्यावर ती हमखास दिसते. एक लिटर पाण्यात आधी एक ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि मग पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. खाली टाकलेलं हिराकस अशा मातीत लगेच अडकून बसतं, मुळांना मिळत नाही.

एप्रिल-मे हा आपल्याकडचा खरा कठीण काळ. पारा ४४-४५ अंशांवर गेला की कळ्या गळतात आणि पानांच्या खाली लाल कोळी येतो. पान उलटं करून उन्हात धरलं तर बारीक ठिपके हलताना दिसतात, वरच्या बाजूला राखट-पिवळी टिकली टिकली उमटते. औषधापेक्षा पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारणं जास्त कामाचं. चार दिवसांच्या अंतराने तीनदा. कुंडी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा, दुपारी सावली द्या, मातीवर पाचटाचं आच्छादन घाला. मावा आला तर लिटरला पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडा साबण, पण त्यानंतर आठवडाभर तोडलेली फुलं खाण्यात घेऊ नका. कपाशीच्या बांधावरचा गोकर्ण कितीही बहरलेला असो, तो देवाला ठीक, खाण्यासाठी नाही. फवाऱ्याचा वारा तिथपर्यंत पोचतोच. नर्सरीतून आणलेल्या रोपाचीही पहिल्या महिन्याची फुलं सोडून द्यावीत.

फूल एका दिवसाचं. सकाळी दव उडाल्यावर पूर्ण उमललेलं तोडायचं; दुपारपर्यंत पाकळी मिटायला लागते. एकेरी आणि दुहेरी दोन्ही निळ्या जाती चालतात. दुहेरीत रंग जास्त, पण पाकळ्यांच्या घड्यांत बारीक किडे लपतात आणि वाळायला वेळ लागतो. पांढऱ्या गोकर्णात हा रंग नसतो. देठाकडचा हिरवा पेला काढून टाका, नाहीतर चहाला कच्च्या शेंगेसारखा वास येतो. सावलीत, सुती कापडावर, एकावर एक न ठेवता पसरा. उन्हात रंग उडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत दोन-तीन दिवस लागतात. पावसाळ्यात मात्र हट्ट करू नका, बुरशी येते. त्या दिवसांत ताजीच वापरा. चिमटीत चुरली की कुरकुरली पाहिजेत. चामड्यासारखी वाकली तर ओल आहे, आणि तशीच डब्यात भरली तर सगळा डबा जातो.

एका कपाला पाच-सहा वाळकी फुलं, किंवा आठ-दहा ताजी. पाणी उकळून गॅस बंद करा, दोन मिनिटांनी फुलं टाकून पाच मिनिटं झाका. चव जवळजवळ नसतेच, म्हणून गवती चहाचं पान किंवा आलं सोबत टाकावं. गूळ नको, त्याने रंग गढूळ होतो, साखर घ्या. वाटीभर तांदळाला पंधरा-वीस वाळक्या फुलांचं गाळलेलं पाणी घेऊन भात केला तर निळा होतो. फोडणीत हळद पडली की हिरवा.

उन्हाळी कामांत हा रंग वापरताना आधी घटक बघा. उडदाच्या पापडात पापडखार असतो, तिथे निळा रंग हिरवट मळकट होतो, वापरूच नये. कुरडईचा गव्हाचा चीक आंबलेला असतो, त्यात तो जांभळ्याकडे झुकतो आणि सुंदर दिसतो. साबुदाण्याच्या पापड्यांत निळा राहतो, पण वाळवण कडक उन्हात पडतं, म्हणून फुलं दुप्पट घ्या आणि वरून पातळ कापड टाका. तळल्यावर आणखी एक छटा उतरते, तेवढं धरूनच चालावं.

फुलं खायची, बी आणि मूळ नाही. दोन्ही रेचक आहेत. गरोदर बाईने वैद्यांना विचारल्याशिवाय हा चहा घेऊ नये.

शेंगा धरू दिल्या तर वेल फुलं कमी करतो, म्हणून त्या कोवळ्या असतानाच खुडत राहा. पुढच्या जूनसाठी एकाच फांदीवर चार-पाच शेंगा ठेवा आणि फांदीला दोरा बांधून ठेवा. शेंग तपकिरी झाली की लगेच काढा. एखादा दिवस उशीर झाला तर ती उन्हात तडकते आणि बी अंगणभर उडतं.